मेस्सीचे जागरण आणि पाण्याची पाळी

शेतकरी बंधूंनो, या पानावर आपण बेणेप्रक्रिया, हुमणी, पाचटाचे आच्छादन असले विषय वाचत आलात. आज विषय फुटबॉलचा आहे. म्हणून पान उलटू नका. फुटबॉलचा आणि उसाच्या पाण्याचा संबंध काय, असे कुणी विचारील. कोल्हापूर जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाने मात्र हा प्रश्न विचारू नये.

२०२२ सालचा फुटबॉलचा विश्वचषक कतार या आखाती देशात झाला. २० नोव्हेंबरला सुरू झाला आणि १८ डिसेंबरला संपला. एरवी ही स्पर्धा जून-जुलैमध्ये होते, पण कतारमधला उन्हाळा खेळाडूंना सोसवणारा नाही, म्हणून पहिल्यांदाच ती हिवाळ्यात घेतली. आता आपल्याकडे नोव्हेंबर-डिसेंबर म्हणजे काय, हे मी सांगायला नको. साखर कारखान्यांची धुराडी पेटलेली, गुऱ्हाळे चालू, हरभरा-गहू पाण्यावर आलेला, आडसाली ऊस उभा, आणि शेतीपंपाची वीज आठवड्यातले काही दिवस दिवसा तर काही दिवस रात्री. म्हणजे माणूस रात्री जागाच. अशा वेळी कतारमधले सामने आपल्या घड्याळाप्रमाणे दुपारी साडेतीन, संध्याकाळी साडेसहा, रात्री साडेनऊ आणि रात्री साडेबारा अशा वेळांना लागले. बाद फेरीत तर साडेआठ आणि साडेबारा. जणू काही आपल्या पाण्याच्या पाळ्या बघूनच कुणी वेळापत्रक बसवले होते!

कोल्हापूरचे फुटबॉलवेड नवे नाही. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ ही नावे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतात. कुस्तीच्या तालमींनी फुटबॉलचे संघ काढावेत आणि शाहू स्टेडियम भरून जावे, असे दुसरीकडे फारसे दिसत नाही. गडहिंग्लजकडेही हा खेळ जुना आणि मुरलेला आहे. २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला, तेव्हा भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. खेड्यातली पोरे शिक्षणाला, औद्योगिक वसाहतीत कामाला शहरात येतात आणि जाताना हे वेड गावी घेऊन जातात. त्यामुळे २०२२ च्या नोव्हेंबरात शहरातल्या पेठांत अर्जेंटिना-ब्राझीलचे झेंडे लागले, तसे ते गावच्या पारावर आणि दूध संस्थेच्या कट्ट्यावरही लागले. एका गावात तर मी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा झेंडा आणि त्याखाली उसाच्या मोळ्या असा थाट पाहिला.

जुनी माणसे सांगतात ते १९८६ चे. मेक्सिकोतला विश्वचषक. तिथे दुपारी बाराला सामना सुरू झाला की आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा वाजायचे. गावात टीव्ही मोजके. कुठे ग्रामपंचायतीचा, कुठे सोसायटीच्या चेअरमनच्या घरचा. ज्या पेटीवर संध्याकाळी 'आमची माती आमची माणसं' बघायला लोक जमायचे, तिच्याचसमोर रात्री घोंगडी पांघरून माणसे मॅराडोना बघायला बसायची. एक गडी माडीवर ॲन्टेना धरून उभा. खालून आरडाओरडा, "जरा डावीकडं फिरीव! अजून जरा! हां, तिथंच थांब!" आणि तो बिचारा अर्धा सामना तिथेच थांबलेला. २२ जूनच्या त्या रात्री मॅराडोनाने इंग्लंडला एक गोल हाताने मारला आणि पाठोपाठ दुसरा अर्धे मैदान पळत जाऊन मारला. मॅराडोना म्हटले की आमच्याकडच्या साठी ओलांडलेल्या माणसांच्या डोळ्यांत आजही चमक येते ती त्या रात्रीची. त्या वेळी बघणारे पन्नास आणि पेटी एक होती. आता उलटे झाले आहे. पेट्या पन्नास, आणि एकेकासमोर एकेक माणूस.

मोबाईलवर बघायचे की टीव्हीवर?

२०२२ चे सामने टीव्हीवर स्पोर्ट्स१८ या वाहिनीवर होते आणि मोबाईलवर जिओसिनेमा या ॲपवर, तेही कुठल्याही कंपनीचे कार्ड असले तरी फुकट. त्याआधी २०१४ आणि २०१८ चे विश्वचषक सोनीच्या वाहिन्यांवर झाले होते. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओसिनेमा आणि हॉटस्टार एकत्र होऊन जिओहॉटस्टार झाले. सांगायचे कारण एवढेच, की हक्क दर वेळी दुसऱ्याकडे जातात. "मागल्या बारीला ह्यातच दिसलं हुतं" म्हणून वर्षाचे पैसे भरून बसू नका. स्पर्धेच्या आधी आठवडाभर कुठे दिसणार याची खात्री करा, मग रिचार्ज मारा.

एक गंमत त्या महिन्यात गावोगाव अनुभवाला आली. शेजारच्या घरात टीव्हीवर गोल झाला, आरोळी उठली, आणि इकडे मोबाईलवर बघणाऱ्याच्या चित्रात चेंडू अजून मैदानाच्या मध्यात! मोबाईलवाला वैतागतो, त्याला वाटते आपला मोबाईल जुना झाला. तसे नाही. टीव्हीचे चित्र उपग्रहावरून थेट आपल्या छत्रीवर पडते. मोबाईलवर येणारे चित्र आधी बारीक तुकड्यांत कापले जाते, ते तुकडे कंपनीच्या संगणकांवर साठतात, तिथून टॉवरवर, टॉवरवरून आपल्याकडे, आणि मध्ये अडकू नये म्हणून मोबाईल स्वतःही थोडे तुकडे आधी जमवून ठेवतो. उसाचा रस घाण्यातून थेट पेल्यात घेणे आणि तो हौदात साठवून मग काहिलीत सोडणे, असा हा फरक आहे. चांगली रेंज असली तरी अर्धा-पाऊण मिनिट मागे राहणे काही विशेष नाही. तेव्हा दोघे जण दोन मोबाईल घेऊन शेजारी बसू नका, आणि पैज तर मुळीच लावू नका. ज्याचे चित्र पुढे असते तो शहाणा ठरतो.

दुसरा भाग डेटाचा. एक सामना मध्यंतरासह दोन तासांचा. चित्र साध्या दर्जाचे ठेवले तर अंदाजाने एक-सव्वा जीबीत भागते. चित्र फार स्वच्छ हवे असा हट्ट धरला तर दोन-तीन जीबी जातात. रोज दीड जीबीचे पॅक असणाऱ्याचा सामना ऐन पेनल्टीला अडकतो तो यामुळेच. ॲपमध्ये चित्राचा दर्जा कमी करायची सोय असते. ती वापरा. पाच-सहा इंची पडद्यावर फार फरक दिसत नाही. आणि गावात वीज बराच वेळ गेली तर टॉवरची बॅटरीही हळूहळू उतरते, हे लक्षात असू द्या. त्या रात्री मोबाईल आणि टीव्ही दोन्ही गेले असे समजा.

टीव्हीचेही एक दुखणे आहे. छत्रीच्या दिशेने जोराचा पाऊस आला की सिग्नल जातो. कतारच्या वेळी हिवाळा होता म्हणून हे जाणवले नाही. जून-जुलैच्या स्पर्धेत पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावड्याकडच्या मंडळींना हे चुकत नाही. त्यावर उपाय नाही. ढग सरकायची वाट बघणे, एवढेच हातात.

गुऱ्हाळघरात मला वेगळेच दृश्य दिसले. चुलवाणात जळव्या चिपाड सारतो आहे, काहिलीत रस उसळतो आहे, आणि खांबाला सुतळीने बांधलेला मोबाईल. त्यावर जपान आणि जर्मनी. एक आदण उतरायला अडीच-तीन तास लागतात, म्हणजे एका सामन्याहून थोडे जास्त. हिशेब बरा जमतो, असे वाटेल. पण गुळव्याचे काम सामन्याच्या शिट्टीवर चालत नाही. मळी काढायची वेळ, भेंडीचे पाणी घालायची वेळ, आणि शेवटी काक ११८ अंश सेल्सिअसच्या आसपास आला की काहील उतरवायची वेळ, ही दोन-चार मिनिटांची गोष्ट असते. तेवढ्यात नजर दुसरीकडे गेली की गुळाचा रंग गेला. रंग गेला की सौद्यात रव्यामागे भाव तुटला. त्या गुऱ्हाळातला गुळव्या मात्र पक्का होता. तो मोबाईलकडे पाठ करूनच उभा राहिला होता. पोरांनी आरडाओरडा केला की विचारायचा, "कुणी मारला?" उत्तर ऐकून पुन्हा काहिलीकडे. जपानने जर्मनीला २-१ असे हरवले, ते त्याने असे कानांनी पाहिले. सांगणारी पोरे त्याच्यापेक्षा जास्त दमली होती.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो, पाण्याकडे.

९ डिसेंबर २०२२ ची रात्र घ्या. साडेआठला ब्राझील आणि क्रोएशिया. नव्वद मिनिटांत गोल नाही. जादा वेळेत नेमारने गोल केला, तीन मिनिटे उरली असताना क्रोएशियाने फेडला, आणि पेनल्टीवर ब्राझील घरी गेले. तोवर सव्वाअकरा वाजले. साडेबाराला अर्जेंटिना आणि नेदरलँड्स. अर्जेंटिना दोन गोलांनी पुढे, पण शेवटी नेदरलँड्सने दोन्ही फेडले, त्यातला दुसरा तर नव्वद मिनिटांनंतरच्या अकराव्या मिनिटाला. पुन्हा जादा वेळ, पुन्हा पेनल्टी. अर्जेंटिना जिंकली तेव्हा आपल्याकडे तीन वाजून गेले होते. ज्यांच्या फीडरला त्या आठवड्यात रात्रीची पाळी होती, त्यांच्या मोटारी त्या वेळी चालू होत्या, आणि माणसे बांधावर मोबाईलमध्ये डोके घालून बसली होती.

जरा हिशेब मांडू. पाच अश्वशक्तीची मोटर आहे आणि एकूण उपसा वीस मीटरचा आहे असे धरले, तर सेकंदाला साधारण नऊ-दहा लिटर पाणी पडते. फुटबॉलचा अर्धा डाव ४५ मिनिटांचा. म्हणजे एका अर्ध्या डावात पंचवीस हजार लिटर पाणी, दोन मोठे टँकर! मध्यंतरापर्यंत जो दारे मोडायला उठला नाही, त्याने भरलेल्या सरीत हे दोन टँकर ओतले. जादा वेळ आणि पेनल्टी धरली तर किती, ते तुम्हीच मोजा.

कुणी म्हणेल, साहेब, पाणी आपलंच हाय, नदी भरून चालली आहे, बिघडले कुठे? बिघडते. शिरोळ भागात आणि नदीकाठच्या गावांत क्षारपड झालेली राने जाऊन बघा. वर पांढरा थर, खाली पाणथळ, आणि मध्ये पिवळा पडलेला ऊस. ती जमीन एका रात्रीत बिघडलेली नाही. वर्षानुवर्षे गरजेपेक्षा जास्त पाणी दिल्याने भूजल वर आले, त्याने खालचे क्षार वर आणले, आणि पाणी उडून गेल्यावर क्षार वरच राहिले. हिवाळ्यात उसाला १८ ते २० दिवसांनी पाणी पुरते. पण वीज आली की मोटर चालू, आणि मोटर चालू की माणूस निवांत, हीच सवय जमिनीला भोवते. भारी काळ्या जमिनीत तर जास्तच. शिवाय सरी फुटून पाणी शेजाऱ्याच्या हरभऱ्यात गेले तर हरभरा पिवळा पडतो आणि भावकीत तंटा होतो तो वेगळाच. हरभऱ्याला पाणी साचलेले अजिबात चालत नाही.

मग सामना बघू नये का? बघावा. दोन-तीन साध्या गोष्टी कराव्यात. सामन्याच्या रात्री लांब सऱ्यांचे रान काढू नका. ज्याची सरी किती वेळात भरते हे आपल्याला पाठ आहे, असे रान धरा. मोबाईलमध्ये सामना चालू असताना घड्याळाचा गजर लागतो, तो सरीच्या वेळेप्रमाणे लावून ठेवा. ठिबक असेल तर प्रश्नच मिटला, व्हॉल्व्ह बदलला की बसा. दोघा भावांचे रान शेजारी असेल तर पहिला अर्धा डाव एकाने आणि दुसरा दुसऱ्याने वाटून घ्यावा. काही ठिकाणी हे झाले. कोण कुठला अर्धा डाव घेणार यावरून मात्र भांडणे झाली.

घरून मोबाईलवर मोटर चालू-बंद करायचे यंत्र आता बऱ्याच जणांनी बसवले आहे. सोयीचे आहे. पण घरात टीव्हीसमोर बसून मोटर चालू केली म्हणजे पाणी सरीत चालले असे नव्हे. पाइप निसटलेला असतो, पाणी वाटेत जाते, सकाळी कळते. आणि वीज आली की सगळ्यांच्या मोटारी आपोआप एकदम उठल्या तर रोहित्रावर भार येतो. रोहित्र जळाले की पाणीही नाही आणि सामनाही नाही. मोटरला कपॅसिटर बसवा आणि आपोआप चालू होणारी सोय बंद ठेवा, असे वीज खात्याचे लोक सांगत असतात, ते खोटे नाही.

रात्रीच्या रानात आणखी दोन धोके आहेत आणि ते जिवावरचे आहेत. पहिला साप. मोबाईलच्या उजेडात बराच वेळ बघितले की डोळे दिपतात, नजर उचलून अंधारात बघितले तर काही मिनिटे नीट दिसत नाही. त्याच वेळी माणूस "सरी फुटली वाटतं" म्हणून घाईने उठून चालू लागतो. आणि कानात इअरफोन. घोणस धोक्याच्या वेळी कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फुत्कार काढते. तो ऐकून आजवर कितीतरी माणसे वाचली आहेत. कान बंद असले तर तो इशारा गेला. मण्यार तर आवाजही करत नाही. म्हणून रानात इअरफोन नको, मोबाईलचा आवाज मोकळा ठेवा, पायात गुडघ्यापर्यंतचे बूट आणि हातात वेगळी बॅटरी असू द्या. मोबाईलचीच बॅटरी वापरली तर ती पेनल्टीपर्यंत टिकत नाही, हेही आहेच. आणि दंश झालाच तर दोरी आवळणे, ब्लेडने कापणे, मांत्रिक, यात वेळ घालवू नका. हातपाय न हलवता सरळ ग्रामीण रुग्णालय गाठा. सर्पदंशावरची लस तिथे मिळते.

दुसरा धोका विजेचा. मोबाईल उतरला की काही जण स्टार्टरच्या पेटीतून दोन वायरी ओढून चार्जर लावतात. ओली जमीन, ओले हात, उघडी वायर. शेतीपंपाची लाइन तीन फेजची असते, तिच्यातला चुकीचा जोड म्हणजे २३० च्या जागी ४०० च्या पुढचा दाब. चार्जर फुटतो हे परवडले. यासाठी घरून पॉवर बँक भरून न्या. पाच-सातशे रुपयांची वस्तू आहे. रानात दिवसा वीज मिळावी म्हणून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली आली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. ज्या फीडरवर ती पोचली आहे तिथल्या शेतकऱ्याचे रात्रीचे जागरण सुटते. मग सामना बघायचा तर तो अंथरुणात बसून.

फुकटची लिंक आणि ऊसबिल

एक गोष्ट जरा स्पष्ट लिहितो, कुणाला लागली तरी चालेल. सामन्यांच्या काळात गावच्या व्हॉट्सॲप गटांवर फुकट सामना दाखवणाऱ्या लिंका फिरतात. त्यातल्या कित्येक चोरट्या असतात. दाबली की एखादे ॲप उतरवायला सांगतात, मग मोबाईलमधले संदेश वाचायची परवानगी मागतात, आणि बँकेचा ओटीपी तिसऱ्याच्या हातात जातो. आपला तोच मोबाईल नंबर पीएम किसानला जोडलेला, ऊसबिल जमा होणाऱ्या खात्यालाही जोडलेला. सामना फुकट आणि खाते रिकामे. असे घडलेच तर लाज न बाळगता लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा. पहिले काही तास फार महत्त्वाचे असतात.

दुसरे म्हणजे पैसे लावणे. संघ निवडा, अंदाज करा, पैसे जिंका असल्या ॲपांनी खेड्यातल्या कितीतरी पोरांना नादी लावले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. कायदा झाला म्हणजे नाद सुटला असे होत नाही. परदेशातून चालणारी चोरटी ॲप कुठून तरी येतातच, आणि पारावरचा सट्टा तर कुठल्याच ॲपवर नसतो. २२ नोव्हेंबर २०२२ ला सौदी अरेबियाने अर्जेंटिनाला २-१ हरवले. दुपारी साडेतीनचा सामना. त्या दिवशी सकाळी "अर्जेंटिना म्हंजे खात्रीचं" म्हणून पैसे लावणाऱ्यांची संध्याकाळी काय अवस्था झाली, ते मी एका गावात पाहिले आहे. पुढे तीच अर्जेंटिना विश्वविजेती झाली, पण लावलेले पैसे काही परत आले नाहीत. खताचे दुकानदार उधारी देतात ते ऊसबिलाच्या भरवशावर. त्या बिलाला आधीच पाय फुटलेले असतील तर उसाला खताची पुढची मात्रा चुकते, आणि ते उसाच्या उताऱ्यात दिसते. बापाला कारण कळत नाही, तो कारखान्याला आणि कृषी खात्याला शिव्या देतो. आम्हाला सवय आहे, पण कारण वेगळे असते.

भगिनींचा विषय या पानावर क्वचित येतो, म्हणून सांगतो. रात्री तीनपर्यंत सामना बघून गडी माणूस आठ वाजेपर्यंत झोपतो. म्हशी मात्र पहाटे पाचलाच ओरडतात. त्या महिनाभर धारा कुणी काढल्या, दूध संस्थेत कॅन कुणी नेऊन दिला, हे ज्याचे त्याने आठवावे. वर साडेआठच्या सामन्यासाठी घरातल्या टीव्हीवरची मालिकाही गेली. एका माउलीने मला विचारले, "सायब, ह्यो कप किती दिस चालतोय?" मी म्हटले, अठरा तारखेपर्यंत. त्या म्हणाल्या, "मग अठराला माझं बी उद्यापन." त्यात गंमत होती, पण सगळीच गंमत नव्हती.

झोपेचा प्रश्न जून-जुलैच्या स्पर्धांत जास्त अवघड होतो. २०२६ च्या विश्वचषकाचे वेळापत्रक ११ जून ते १९ जुलै, अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको या तीन देशांत, ४८ संघ आणि १०४ सामने. कतारला ३२ संघ आणि ६४ सामने होते. अमेरिकेतले घड्याळ आपल्या उलट चालते, त्यामुळे तिथल्या दुपार-संध्याकाळच्या सामन्यांची आपली वेळ मध्यरात्रीनंतरची, पहाटेची किंवा सकाळची. अंतिम सामन्याची वेळही १९ जुलैची रात्र उलटून साडेबाराची. आणि जून-जुलै म्हणजे आपली सोयाबीन-भुईमुगाची पेरणी, भाताची रोप लावण, कोळपणी, तणनाशकाची फवारणी. रात्रभर जागून सकाळी ट्रॅक्टरवर बसणे, कडबा कुट्टीत वैरण सारणे, विषारी औषध मोजून पंपात ओतणे, ही कामे अर्धवट झोपेत करायची नव्हेत. कुट्टीत बोटे गेलेली माणसे आपल्या आसपास आहेत, त्यांना विचारा. उत्तर अमेरिकेतल्या स्पर्धेचे सामने उशिरा आणि हंगाम तोंडावर, अशा वेळी मोजके सामने थेट बघावेत आणि बाकीच्यांचे गोल सकाळी चहाबरोबर पाच मिनिटांत बघावेत. निकाल आधी कळतो हे खरे. पण पेरणीचा वाफसा पुन्हा येत नाही.

त्या डिसेंबरात आमच्या शेतीशाळा सकाळी आठला ठरलेल्या होत्या. पहिल्या आठवड्यात तीन माणसे आणि एक पोलीस पाटील. मग वेळ बदलून अकरा केली, तेव्हा माणसे आली, जांभया देत का होईना. हरभऱ्यावरच्या घाटेअळीसाठी कामगंध सापळे कसे लावायचे ते दाखवत होतो, तर एकाने विचारले, "साहेब, ह्यो सापळा दोन खांबावर बांधला तर गोलपोस्टच दिसतोय की!" हशा झाला, आणि त्या निमित्ताने सापळ्याची उंची पिकाच्या शेंड्यापेक्षा फूटभर वर ठेवायची, हे सगळ्यांच्या लक्षात राहिले. नुसते सांगून एवढे राहिले नसते.

अंतिम सामना १८ डिसेंबरला रविवारी रात्री साडेआठला होता. अर्जेंटिना आणि फ्रान्स. दोन गोलांनी पुढे असलेल्या अर्जेंटिनाची आघाडी एम्बापेने ऐंशीव्या मिनिटाच्या सुमारास दीड-दोन मिनिटांत पुसून टाकली. मग जादा वेळेत मेस्सीचा गोल, पुन्हा एम्बापेचा, ३-३, आणि पेनल्टीवर ४-२ ने अर्जेंटिना. त्या रात्री बऱ्याच गावांत मोबाईल बाजूला पडले. तरुण मंडळांनी भाड्याने पडदा आणला, देवळासमोर लावला, आणि कितीतरी वर्षांनी माणसे पुन्हा एका पेटीसमोर बसली. म्हातारी माणसे पुढच्या रांगेत, पोरे मागे उभी, ऊसतोडीला आलेली मराठवाड्यातली कुटुंबेही बाजूला घोंगड्या टाकून बसली होती. त्यांना पहाटे चारला उठून मोळ्या बांधायच्या होत्या, तरी शेवटच्या पेनल्टीपर्यंत कुणी उठले नाही. त्या रात्री निदान कुणाचे चित्र पुढे आणि कुणाचे मागे असा प्रकार नव्हता. आरोळी एकदमच उठली.

दुसऱ्या दिवसापासून पोरांनी नुकत्याच तुटून गेलेल्या उसाच्या रानात बांबूचे गोलपोस्ट उभे केले. खोडकी खणून काढायला मालकाला आयतेच हात मिळाले, कारण खोडक्यांत चेंडू अडत होता. त्याने खोडवा राखायचा नव्हता, म्हणून तोही काही बोलला नाही. जानेवारीत त्याने रान नांगरले आणि पोरे गायरानात गेली.